तिलापियाचं ‘मोनोसेक्स’ बीज म्हणजे काय? हार्मोन, हॅचरी आणि आपला तलाव

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत शेततळं किंवा बायोफ्लॉकची टाकी केली की रोहू-कतल्यासोबत आणखी एका मासोळीचं नाव हमखास निघतं, तिलापिया. लवकर वाढते, रोगाला टिकते, काटे कमी. बीज विकणारा वर सांगतो, “मोनोसेक्स आहे, सगळे नर.” मग प्रश्न सुरू होतात. सगळे नर कसे काय? हार्मोन देतात म्हणे, मग ती मासोळी खायची का? आणि एवढी चांगली मासोळी आहे तर गावच्या मामा तलावात का नाही सोडायची?

या तीनही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत. ती सोप्या भाषेत पुढे दिली आहेत.

थोडक्यात

- ‘मोनोसेक्स’ म्हणजे एकलिंगी बीज. तिलापियात ते नरांचं असतं.
- हॅचरीत पिल्लांना पहिल्या तीन-चार आठवड्यांत हार्मोन मिसळलेलं खाद्य देतात. त्यामुळे ज्या पिल्लांच्या माद्या झाल्या असत्या, तीही नर होतात.
- शेतकऱ्याकडे बीज येतं तेव्हा हार्मोनचं काम संपलेलं असतं. तळ्यावर हार्मोन द्यायचं नसतं.
- कोणतंही बीज १०० टक्के नर असेल याची खात्री नसते. थोड्या माद्या राहतातच, आणि त्या थोड्यांनीही तळं पिल्लांनी भरून जाऊ शकतं.
- म्हणून तिलापिया बंदिस्त तळ्यात किंवा टाकीत पाळायची. मामा तलाव, बोडी, नाला, नदी इथे सोडायची नाही.

तिलापिया आली कुठून?

ही मूळची आफ्रिकेतली मासोळी. भारतात १९५२ मध्ये तिची मोझांबिक जात आणली गेली. स्वस्त मासोळी म्हणून ती तळ्यांत सोडली, पण काही वर्षांतच तिचा दुसरा गुण दिसला. ती इतकी पिल्लं घालते की तळं भरून जातं, मासोळी बोटाएवढीच राहते आणि बाकीच्या माशांच्या तोंडचं खाद्य जातं. १९५९ मध्ये देशात तिच्या पालनावर बंदी आली. तोवर ती अनेक जलाशयांत पसरली होती.

आज शेततळ्यांसाठी विकली जाते ती वेगळी जात आहे, नाईल तिलापिया. तिच्यातली ‘गिफ्ट’ ही सुधारित जात १९८८ पासून फिलिपिन्समध्ये तयार करण्यात आली. ‘गिफ्ट’ म्हणजे जनुक बदललेली मासोळी, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. चांगली वाढणारी मासोळी निवडायची, तिचं बीज घ्यायचं, त्यातून पुन्हा चांगली निवडायची, अशा पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून ती आली. धानाचं चांगलं बियाणं निवडून ठेवतात, तसंच हे काम.

भारतात या जातीचं काम समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाच्या राजीव गांधी मत्स्यसंवर्धन केंद्रानं आंध्र प्रदेशात विजयवाड्याजवळ उभं केलं. केंद्र सरकारनं २००९ मध्ये तिलापिया पालनासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि अटी घालून पालनाला वाट करून दिली. त्या अटींचा गाभा एकच आहे, तळ्यात पिल्लं होऊ द्यायची नाहीत आणि मासोळी बाहेर जाऊ द्यायची नाही.

नरच का पाहिजेत?

रोहू, कतला, मृगळ साचलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं, नाहीतर हॅचरीत इंजेक्शन द्यावं लागतं. तिलापियाचं तसं नाही. तीन-चार महिन्यांची झाली की ती साध्या तळ्यातच अंडी देऊ लागते.

तिची रीतही वेगळी आहे. नर तळाशी गोल खड्डा करतो. मादी त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. अंडी तोंडातच उबतात, पिल्लंही काही दिवस तोंडातच राहतात. या दहा-बारा दिवसांत मादी जवळजवळ काही खात नाही. मग पिल्लं सोडते, थोडी खाते आणि महिना-दीड महिन्यानं पुन्हा अंडी घालते.

त्याचे दोन परिणाम होतात. मादीचं खाल्लेलं अंग धरण्याऐवजी अंड्यांत जातं, म्हणून ती लहान राहते. दुसरं म्हणजे पिल्लांची गर्दी होते आणि विकत आणलेलं खाद्य तीच खाऊन टाकतात. सहा महिन्यांनी जाळं ओढलं तर अर्धा किलोच्या मासोळीऐवजी तळहाताएवढी चिल्लर निघते. नर मात्र अंड्यांच्या भानगडीत नसतो. त्याची वाढ मादीपेक्षा जास्त होते आणि सगळी मासोळी जवळपास एका मापाची निघते. व्यापाऱ्याला तीच पाहिजे असते.

मादीचा नर होतो म्हणजे नेमकं काय होतं?

नर-मादी ठरण्याचा मूळ हिशेब माणसासारखाच आहे. दोन एक्स गुणसूत्रं असली तर मादी, एक एक्स आणि एक वाय असलं तर नर. पण माशांत हा हिशेब जन्मताच पक्का होत नाही. अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लाच्या पोटात पुढे अंडाशय होईल की वृषण, हे काही दिवस ठरलेलं नसतं. शरीरात तयार होणारी हार्मोन्स ते ठरवतात.

त्या दिवसांत बाहेरून नर हार्मोन मिळालं, तर दोन एक्स असलेल्या पिल्लातही वृषण तयार होतं. एकदा ते तयार झालं की पिल्लू पुढे नर म्हणूनच वाढतं, हार्मोन बंद केलं तरी. ही वेळ निघून गेली आणि अंडाशय तयार झालं, तर नंतर कितीही हार्मोन दिलं तरी तसा उपयोग होत नाही.

गुणसूत्रं मात्र बदलत नाहीत. दिसायला आणि वागायला नर असलेल्या मासोळीत दोन एक्सच राहतात. म्हणूनच मोनोसेक्स माशांपासून घरी बीज करू पाहिलं, तर पुढची पिल्लं सगळी नर निघत नाहीत. हार्मोननं झालेल्या नराची साध्या मादीशी जोडी लागली, तर साधारणपणे सगळ्या माद्याच निघतात.

हे ज्ञान नवीन नाही. जपानी शास्त्रज्ञ टोकिओ यामामोतो यांनी १९५३ मध्ये मेडाका या छोट्या माशात हार्मोननं लिंग बदलून दाखवलं. १९६० च्या दशकाअखेर तिलापियात नर हार्मोनचा असा वापर झाला आणि १९७० च्या दशकात तो हॅचरीपर्यंत पोहोचला. आज जगात तिलापियाचं बहुतेक मोनोसेक्स बीज याच पद्धतीनं होतं.

हॅचरीत काय करतात?

हार्मोनचं नाव सतरा-अल्फा मिथाईल टेस्टोस्टेरॉन. काम पुढच्या पायऱ्यांनी चालतं.

१. नर-मादी हापा जाळ्यात किंवा लहान तळ्यात एकत्र ठेवतात. साधारण एका नरामागे दोन-तीन माद्या.

२. ठरावीक दिवसांनी मादीच्या तोंडातून अंडी काढतात किंवा काठावरची पिल्लं सुपलीच्या जाळीनं गोळा करतात.

३. पिल्लं जाळीनं गाळतात. ९ ते ११ मिलिमीटरची घेतात. १४ मिलिमीटरच्या पुढची बाजूला काढतात, कारण त्यांचं नर-मादी ठरायला सुरुवात झालेली असते.

४. हार्मोन अल्कोहोलमध्ये विरघळवून बारीक पिठासारख्या खाद्यात मिसळतात. प्रमाण १ किलो खाद्याला साधारण ६० मिलिग्रॅम. खाद्य सावलीत वाळवतात आणि थंड जागी ठेवतात. ऊन लागलं तर हार्मोनचा जोर कमी होतो.

५. हे खाद्य २१ ते २८ दिवस, दिवसातून अनेक वेळा देतात. प्रत्येक पिल्लाच्या पोटात ते गेलंच पाहिजे. एखादं पिल्लू उपाशी राहिलं तर ते मादी राहू शकतं.

६. त्यानंतर हार्मोन बंद. पुढे साधं खाद्य देऊन पिल्लं बोटुकलीच्या आकाराची करतात आणि मग विकतात.

काम नीट झालं तर ९५ टक्क्यांच्या वर नर निघतात, चांगल्या हॅचरीत ९८-९९ टक्केही. काम ढिलं झालं, म्हणजे वेगवेगळ्या वयाची पिल्लं मिसळली, खाद्य कमी दिलं किंवा हार्मोन जुनं वापरलं, तर हा आकडा झपाट्यानं खाली येतो. आणि शेतकऱ्याला पिशवीतल्या बोटुकल्या पाहून त्यातला फरक कळत नाही.

रोहूच्या इंजेक्शनपेक्षा हे वेगळं आहे

हार्मोन म्हटलं की लोक बिचकतात. पण आपल्या तलावात पिढ्यान्‌पिढ्या सोडलं जाणारं रोहू-कतल्याचं जिरेही हार्मोनच्याच मदतीनं तयार होतं. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं. म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो.

फरक एवढाच की रोहूचं इंजेक्शन मोठ्या नर-मादीला देतात, अंडी मिळावीत म्हणून. तिलापियाचं हार्मोन पिल्लांना देतात, पुढे अंडी होऊच नयेत म्हणून.

खाणाऱ्याला धोका आहे का?

हिशेब असा. पिल्लू हार्मोन खातं तेव्हा त्याचं वजन एक ग्रॅमही नसतं. महिनाभरात त्यानं अर्धा ग्रॅम खाद्य खाल्लं असं धरलं, तर ६० मिलिग्रॅम प्रति किलोच्या हिशेबानं एकूण ०.०३ मिलिग्रॅम हार्मोन पोटात जातं. तेही शरीरात साठून राहत नाही. खाद्य बंद केल्यावर ते काही दिवसांत बाहेर पडतं. त्यानंतर पाच-सहा महिने मासोळी साधं खाद्य खाते, तिचं वजन हजारपटीनं वाढतं आणि मग ती बाजारात येते. तोवर हार्मोनचा अंश उरलेला नसतो.

युरोपीय संघानं जनावरं लठ्ठ करण्यासाठी हार्मोन द्यायला बंदी घातली आहे. त्यांच्या १९९६ च्या नियमातही माशांच्या पिल्लांना वयाच्या पहिल्या तीन महिन्यांत लिंगबदलासाठी नर हार्मोन देण्याची वेगळी सवलत आहे. अमेरिकेत ते चाचणीच्या परवानगीखाली, देखरेखीत वापरलं जातं.

‘तिलापिया खाल्ली की माणसात बदल होतो’ अशा गोष्टी मोबाईलवर फिरतात. वरचा हिशेब पाहिला तर त्यात तथ्य नाही. मासोळी ताजी आहे की नाही आणि ती कोणत्या पाण्यात वाढली, हे पाहणं जास्त गरजेचं आहे. गटाराच्या पाण्यातली कोणतीही मासोळी वाईटच.

धोका आहे तो दुसऱ्या ठिकाणी.

- हॅचरीत काम करणाऱ्याला : हार्मोनची पूड आणि मिसळलेलं खाद्य रोज हाताळणाऱ्याच्या अंगात ते त्वचेतून आणि श्वासातून जाऊ शकतं. हातमोजे आणि मास्क लागतातच. गरोदर बाईनं हे काम करूच नये.
- हॅचरीच्या पाण्याला : न खाल्लेलं खाद्य तळाच्या गाळात बसतं आणि हार्मोन तिथे अनेक आठवडे राहू शकतं. ते पाणी थेट नाल्यात सोडणं चुकीचं.
- घरी प्रयोग करणाऱ्याला : माद्या दिसल्या म्हणून कुणी औषध आणून खाद्यात मिसळलं तर पैसा वाया जातो, कारण वेळ निघून गेलेली असते. शिवाय विकायच्या मासोळीत औषध जातं. पिल्लांनाही प्रमाणापेक्षा जास्त दिलं तर उलटा परिणाम होऊन माद्या किंवा वांझ मासोळ्या निघतात. हे काम हॅचरीचंच आहे.

थोड्या माद्यांनी काय बिघडतं? तळ्याचा हिशेब

३० मीटर बाय ३० मीटरचं शेततळं धरू. क्षेत्र ९०० चौरस मीटर. चौरस मीटरला ३ या हिशेबानं २,७०० बोटुकल्या सोडल्या.

बीज ९७ टक्के नर असेल तर ८१ माद्या राहिल्या. एका मादीनं एका खेपेला २०० पिल्लं दिली असं धरलं तर पहिल्याच खेपेला १६,२०० पिल्लं. बीज ९० टक्केच नर असेल तर २७० माद्या आणि ५४,००० पिल्लं. त्यातली बरीच मरतात, मोठी मासोळी काही खाऊन टाकते. तरी जी उरतात ती २,७०० माशांच्या खाद्यावर आणि हवेवर ताण आणायला पुरेशी असतात.

म्हणून ९७ टक्क्यांचं बीज घेतलं तरी काम संपत नाही. मासोळी वेळेत काढणं आणि पिल्लांवर नजर ठेवणं चालूच ठेवावं लागतं.

मामा तलावात का सोडायची नाही?

झाडीपट्टीचे माजी मालगुजारी तलाव एकटे नसतात. वरच्या तलावाच्या सांडव्याचं पाणी खालच्या बोडीत, तिथून बांध्यांत, नाल्यात आणि शेवटी वैनगंगेत जातं. पावसाळ्यात मासोळी याच वाटेनं चढते आणि उतरते. एका तलावात सोडलेली तिलापिया एका तलावाची राहत नाही.

पुराचं तर सांगायलाच नको. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्दचं पाणी सुटलं तेव्हा ब्रह्मपुरी तालुक्यातली काठची गावं पाण्याखाली गेली होती. भामरागडला पर्लकोटेचा पूर दरवर्षीचाच. अशा पुरात काठावरच्या शेततळ्याची पाळ बुडाली तर आतली मासोळी कुठे जाईल, ते सांगायला नको.

या तलावांवर ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थांचं पोट आहे. ठेका भरून संस्था रोहू, कतला, मृगळचं बीज सोडते. त्याशिवाय मरळ, शिंगी, मांगूर, झिंगे ही आपोआप होणारी मासोळी असते. तिला भाव चांगला मिळतो आणि घरच्या जेवणातही तीच येते. तिलापिया शेवाळ, किडे, तळाचा गाळ, इतर माशांची अंडी, काहीही खाते. उथळ काठावर ती खड्डे करते आणि तिथून दुसऱ्याला हाकलते. आपल्या बहुतेक देशी मासोळ्या अंडी घालतात तेही याच काठावर, गवतात.

शेततळ्यात एका शेतकऱ्याचं नुकसान झालं तर तळं उपसून पुन्हा सुरुवात करता येते. मोठा तलाव उपसता येत नाही. तिथे तिलापिया एकदा बसली की तिला पूर्ण काढणं जवळपास अशक्य असतं.

उजनीत काय झालं?

महाराष्ट्रात याचं उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या भीमा नदीवरच्या उजनी धरणाचं आहे. तिथे तिलापियाला ‘चिलापी’ म्हणतात. भिगवणच्या बाजारात चिलापीचे ढीग लागतात आणि मच्छीमारांच्या जाळ्यात आज मोठा वाटा तिचाच असतो. देशी जाती मात्र कमी झाल्या. त्यात नदीच्या प्रदूषणाचाही हात आहे, सगळा दोष एका मासोळीवर टाकता येणार नाही. पण घाण पाण्यात देशी मासोळी मागे पडली तेव्हा मोकळी झालेली जागा चिलापीनं घेतली.

चिलापीनं तिथल्या अनेक घरांना रोजगार दिला, हेही खरं. पण तो निवडीचा प्रश्न राहिला नाही. बाकी मासोळी कमी झाली, म्हणून जी मिळते ती धरायची असं झालं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या तलावांत अजून निवड करायला जागा आहे.

इथे ग्रामसभेच्या हातातही काही आहे. वनहक्क कायदा २००६ मध्ये सामूहिक हक्कांत पाणवठ्यांतली मासोळी धरली आहे. पेसा कायद्यात लहान पाणवठ्यांचं नियोजन आणि व्यवस्थापन पंचायतीकडे दिलं आहे. गावच्या तलावात कोणतं बीज पडेल आणि कोणतं पडणार नाही, याचा ठराव संस्था आणि ग्रामसभा मिळून करू शकतात.

बीज घेण्याआधी काय पाहावं?

- तिलापिया पाळायची असेल तर आधी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून नोंदणी करा. २००९ च्या सूचनांमध्ये हे अपेक्षित आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत तळं किंवा बायोफ्लॉक करायचं असेल, तरी वाट याच कार्यालयातून जाते. या योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना ६० टक्के अनुदान आहे.
- बीज मान्यताप्राप्त हॅचरीचंच घ्या. हॅचरीचं नाव, बीजाची तारीख आणि नरांची टक्केवारी असलेलं पक्कं बिल मागा. ‘कलकत्त्याचं आहे’, ‘आंध्रचं आहे’ एवढ्या सांगण्यावर जाऊ नका.
- सगळ्या बोटुकल्या साधारण एका मापाच्या आहेत का ते पाहा. एकाच पिशवीत फार लहान-मोठं बीज असेल तर वेगवेगळ्या खेपांची मिसळ असू शकते.
- फार लहान पिल्लू स्वस्त मिळतं, पण त्याचा हार्मोनचा काळ पूर्ण झाला आहे का हे विचारा.
- अंगावर जखमा, सुटलेले खवले, फुगलेले डोळे दिसले तर बीज घेऊ नका. तिलापियाला ‘टीआयएलव्ही’ नावाचा विषाणू होतो आणि तो २०१८ मध्ये भारतातही आढळला आहे. त्याच्यावर औषध नाही.

तळ्यात काय काळजी घ्यावी?

- तळं पुराच्या रेषेच्या वर असावं. पाळ पावसाळ्यातल्या सगळ्यात वरच्या पाण्यापेक्षा चांगली उंच ठेवा.
- पाणी येण्या-जाण्याच्या दोन्ही तोंडांना बारीक जाळी लावा. उपसा पंपाच्या तोंडालाही लावा. नाल्यात पाणी सोडताना पिल्लं याच वाटेनं निघतात.
- हवा देणारं यंत्र नसेल तर बीज कमी सोडा.
- हंगाम आपल्या हवेप्रमाणे धरा. तिलापियाला २५ ते ३२ अंश पाणी मानवतं. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ती खाणं कमी करते, पाणी १० अंशांच्या आसपास आलं तर मरू लागते. एप्रिल-मेमध्ये तळं आटतं. म्हणून पावसाळ्याच्या सुरुवातीला बीज टाकून थंडी वाढण्याआधी मासोळी काढणं इकडे सोयीचं पडतं.
- पिल्लं दिसू लागली तर थोड्या मरळीच्या बोटुकल्या सोडता येतात. मरळ बारीक पिल्लं खाते. फक्त ती आधीच्या तिलापियापेक्षा लहान असावी.
- मासोळी काढल्यावर डबक्यात राहिलेली पिल्लं तशीच सोडू नका. तळं कोरडं करा. कोरडं होत नसेल तर मोहाची ढेप वापरता येते. प्रमाण हेक्टरी एक मीटर पाण्याला २,५०० किलो. ९०० चौरस मीटरच्या तळ्यात पाणी ३० सेंटिमीटरवर आणलं तर साधारण ६८ किलो लागते. त्यानंतर तीन आठवडे त्यात बीज टाकू नका आणि ते पाणी बाहेर सोडू नका. हे फक्त स्वतःच्या बंद तळ्यात करायचं, गावच्या तलावात नाही.

नर-मादी कशी ओळखायची?

बोटुकलीत ओळखता येत नाही. मासोळी ५० ग्रॅमच्या आसपास झाली की १०० मासोळ्या धरून मोजा. मासोळी उलटी करून गुदद्वाराच्या मागचा छोटा उंचवटा पाहा. नराचा उंचवटा टोकदार असतो, त्यावर एकच छिद्र. गुदद्वार धरून दोन छिद्रं. मादीचा उंचवटा गोलसर असतो आणि त्यावर मध्ये आडवी चीर दिसते. गुदद्वार धरून तीन. नीट दिसत नसेल तर त्या जागी थोडी निळी शाई लावा, चीर उठून दिसते.

१०० पैकी ५ पेक्षा जास्त माद्या निघाल्या तर त्या लगेच वेगळ्या करून खायला काढा. मोजणीचा फोटो आणि बिल जपून ठेवा. हॅचरीशी आणि मत्स्यव्यवसाय कार्यालयाशी बोलताना तेच कामी येतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*तळाशी गोल खड्डे दिसतात. माद्या आहेत का?*
नर एकटे असले तरी खड्डे करतात. खड्ड्यांवरून सांगता येत नाही. काठावर बारीक पिल्लांचा थवा दिसला तर मात्र माद्या आहेत हे नक्की.

*हार्मोनशिवाय सगळे नर मिळत नाहीत का?*
मिळतात. काही हॅचऱ्या दोन वाय गुणसूत्रं असलेला नर तयार करतात. त्याची पिल्लं जवळपास सगळी नर निघतात आणि त्यांना हार्मोन द्यावं लागत नाही. पण असा नर तयार करायला काही पिढ्यांचं काम लागतं, म्हणून हे बीज कमी मिळतं. हातानं माद्या वेचणं ही जुनी पद्धत आहे, पण त्यात निम्मी मासोळी वाया जाते.

*थाई मांगूरसारखी तिलापियावर बंदी आहे का?*
थाई मांगूर म्हणून विकल्या जाणाऱ्या आफ्रिकन मांगूरवर देशात बंदी आहे. तिलापियाचं तसं नाही. तिला अटींसह परवानगी आहे.

*सगळे नरच आहेत, मग तलावात सोडले तर काय होणार?*
‘सगळे’ नसतात, हेच कारण. २,७०० मध्ये ८१ माद्या. तलावाला तेवढ्या पुरतात.